एटीव्ही पाण्यात घालताना: खोली, ओढ आणि तळ

एटीव्ही, म्हणजे ऑल टेरेन व्हेइकल, ही हँडल धरून आणि दोन्हीकडे पाय टाकून चालवायची चार चाकांची गाडी. तिचे टायर रुंद, फुगीर असतात आणि त्यांत हवा मुद्दामच कमी ठेवलेली असते. मोटारीच्या टायरमध्ये ३०-३३ पीएसआय हवा भरतात. एटीव्हीच्या टायरला पाच ते सात पीएसआय पुरते. त्यामुळे टायर जमिनीवर पसरतो, दगडाला बिलगतो आणि चिखलात सहसा रुतत नाही. महाराष्ट्रात ही गाडी अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर, लोणावळा-महाबळेश्वरकडे आणि पुण्याच्या पश्चिमेला रिसॉर्टच्या मैदानांवर दिसते. बहुतेक एटीव्हींची रस्त्यावर चालवण्यासाठी आरटीओत नोंदणी होत नाही, म्हणून त्या फिरतात त्या माळावर, चिखलात आणि ओढ्यात. खडकवासल्यापासून पानशेतपर्यंतच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने तर पाणी ओलांडल्याशिवाय दोन-चार किलोमीटरही जाता येत नाही, अशा वाटा आहेत. चिखलातून सुटते ती गाडी पाण्यातूनही सुटेल, असे मग चालक धरून चालतो. ते एका मर्यादेपर्यंतच खरे आहे, आणि ही मर्यादा बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरीच खाली आहे.

एटीव्हीच्या माहितीपुस्तिकांमध्ये साधारणपणे एकच सूचना असते: पाणी पाय ठेवायच्या पट्टीच्या वर जाईल तिथे गाडी घालू नये, आणि वाहते पाणी शक्यतो टाळावे. ही पट्टी जमिनीपासून फूट-सव्वाफूट उंचीवर असते. मोटारींचे आकडे यापेक्षा मोठे दिसतात. महिंद्रा थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर खोलीचा आकडा देते, आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखासाठी ७०० मिलिमीटर, तर लँड रोव्हर डिफेंडरसाठी ९०० मिलिमीटर. जाहिरातीत हे आकडे ठळक छापलेले असतात. ते उभ्या किंवा जवळजवळ उभ्या पाण्यासाठी, टणक तळासाठी आणि चालण्याच्या वेगासाठी आहेत, हे मात्र कुठे ठळक दिसत नाही. पावसाळी ओढ्यात या तीनपैकी एकही अट पुरी होईल याची खात्री नसते.

पाण्यात इंजिन का बंद पडते, याबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. सायलेन्सरमध्ये पाणी गेले की गाडी बंद पडते, असे सर्रास म्हटले जाते. इंजिन चालू असताना सायलेन्सरमधून वायू जोराने बाहेर पडत असतात आणि ते पाण्याला आत येऊ देत नाहीत. पाण्याखालून बुडबुडे काढत गाडी चालत राहते. पाण्यातच ॲक्सिलरेटर सोडला किंवा इंजिन बंद केले, तर मात्र पाणी त्या वाटेने मागे शिरते. खरा धोका दुसऱ्या टोकाला आहे. इंजिन जिथून हवा ओढते, त्या एअर फिल्टरच्या तोंडापर्यंत पाणी आले, की हवेबरोबर पाणीही सिलिंडरमध्ये जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. ५०० सीसीच्या एका सिलिंडरचे इंजिन आणि दहास एक असे दाबाचे प्रमाण धरले, तर पिस्टन सर्वांत वर आलेला असताना त्याच्या डोक्यावर फक्त ५५ मिलिलिटर जागा उरते. म्हणजे टपरीवरच्या एका कटिंगपेक्षाही कमी पाणी आत गेले तर पिस्टनला वर जायला जागा राहत नाही. इंजिन फिरत असते, मागून गाडीचा जोर असतो, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. मेकॅनिक याला ‘इंजिनाने पाणी प्यायले’ म्हणतात. यावरचा उपाय म्हणून हवेचे तोंड नळीने हँडलच्या उंचीपर्यंत वर नेतात. ती नळी म्हणजे स्नॉर्केल. स्नॉर्केलमुळे इंजिन वाचते. गाडी वाहून जायची थांबत नाही. हा फरक विसरला गेला, तर स्नॉर्केल बसवल्याने धोका उलट वाढतो, कारण चालक आणखी खोल जायला धजावतो.

हवेच्या वाटेखेरीज पाण्याला आत शिरायच्या आणखी काही वाटा आहेत. गाडी तासभर पळवल्यावर ॲक्सलचे घर आणि गिअरबॉक्स चांगलेच तापलेले असतात. ते एकदम थंड पाण्यात बुडले की आतली हवा आकसते, आत ओढ निर्माण होते आणि ऑइल सीलच्या कडेने पाणी खेचले जाते. तेल दुधाळ होते, आणि ते तसेच राहिले तर गिअर व बेअरिंग खराब होतात. म्हणून या भागांना ब्रीदर पाइप असतो. त्याचे तोंड उंच ठेवायचे, आणि पाण्यात उतरण्याआधी गाडी काठावर दहा-पंधरा मिनिटे थंड होऊ द्यायची. या साध्या थांब्याने बरेच काम होते, पण काठावर थांबायला कोणालाच आवडत नाही.

पट्टा ही दुसरी वाट. बहुतेक एटीव्हींमध्ये स्कूटरसारखीच रचना असते: दोन पुल्या, त्यांवर रबरी पट्टा, हाताने गिअर बदलायचे नाहीत. पुण्यात ज्याने पावसात स्कूटर चालवली आहे, त्याला हे दुखणे माहीत असते. पट्ट्याच्या डब्यात पाणी शिरले की पट्टा सरकतो, इंजिन नुसते ओरडते आणि चाक फिरत नाही. एटीव्हीच्या पट्ट्याच्या डब्याला थंडाव्यासाठी हवेची वेगळी नळी असते. तिचे तोंड एअर फिल्टरच्या तोंडापेक्षा खाली असेल, तर पाण्यात आधी पट्टा दगा देतो, इंजिन नंतर. स्नॉर्केल बसवताना ही नळी विसरणे ही नेहमीची चूक आहे.

इथपर्यंतची सगळी दुखणी गाडीची आहेत. त्यांत पैसा जातो. जीव जातो तो तरंगण्यामुळे आणि वाहण्यामुळे, म्हणून तो भाग सविस्तर समजून घ्यायला हवा.

एटीव्हीचे टायर साधारण २५ इंच व्यासाचे, म्हणजे ६३ सेंटिमीटरचे असतात. असा एक टायर पूर्ण बुडला तर तो ५० ते ६० लिटर पाणी बाजूला सारतो. चार टायर मिळून २०० ते २४० लिटर. आर्किमिडीजच्या नियमाने तितक्याच किलोग्रॅमचा वरच्या दिशेने जोर मिळतो. मध्यम आकाराची एटीव्ही ३०० ते ३५० किलोची असते. चालकासह ४०० धरू. म्हणजे पाणी टायरच्या वरच्या कडेला टेकते तेव्हा गाडीचे निम्म्याहून अधिक वजन नुसती चाकेच उचलून धरतात. इंजिन, टाकी, प्लास्टिकचे पत्रे जे पाणी सारतात ते वेगळेच. जमिनीवर टेकलेले वजन दीडशे-दोनशे किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी राहते. चाकाची पकड या उरलेल्या वजनावर अवलंबून असते, गाडीच्या कागदावरच्या वजनावर नाही. ज्या फुगीर टायरांमुळे ही गाडी चिखलात रुतत नाही, तेच टायर तिला पाण्यात जमिनीवरून सोडवतात.

आता वाहत्या पाण्याचा जोर पाहू. तो वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट झाला की जोर चौपट. सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी आपल्यासमोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर ढोबळमानाने ५० किलोचा रेटा देते, दोन मीटर वेगाचे २०० किलोचा, तीन मीटर वेगाचे ४५० किलोचा. एटीव्हीची पाण्याखालची कडेची बाजू पाऊण चौरस मीटरच्या आसपास असते, म्हणजे रेटा अनुक्रमे सुमारे ४०, १५० आणि ३५० किलो. याविरुद्ध गाडी उभी राहते ती टायर आणि तळ यांच्या घर्षणावर. ओल्या दगडावर उरलेल्या वजनाच्या चार दशांश पकड धरली, तर २०० किलोला ८० किलोचा प्रतिकार मिळतो. सेकंदाला एक मीटर वेगात गाडी कशीबशी टिकते. दोन मीटर वेगात ती टिकत नाही, चालक कितीही तरबेज असला तरी. दगडावर शेवाळ असेल तर एक मीटर वेगालाही सरकते. हा हिशेब ढोबळ आहे, पण तो कोणत्या बाजूने चुकेल हे स्पष्ट आहे: गाडीच्या इतर भागांची तरंगशक्ती त्यात धरलेलीच नाही. ती धरली तर चित्र आणखी वाईट दिसेल.

मोटारीचेही तेच. लहान मोटारीचा तळ पाच चौरस मीटरच्या वर असतो. पाणी तळाला लागल्यानंतर दर दहा सेंटिमीटर चढीला सुमारे ५०० किलो उचल मिळते. ८५० किलोची मोटार त्यामुळे गुडघ्याएवढ्या पाण्यातही तरंगायला लागते. वाहते पाणी फूटभर असले की लहान मोटारी वाहू शकतात आणि दोन फुटांत मोठ्या एसयूव्हीही, असा अमेरिकेच्या हवामान खात्याचा जुना इशारा आहे, आणि तो वरच्या हिशेबाशी जुळतो.

पाण्यावर तरंगावे म्हणूनच बनवलेल्या गाड्याही यातून सुटत नाहीत. भारतीय लष्कराने घेतलेली एटोर एन १२०० ही प्रचंड टायरांची गाडी जमिनीवर चालते आणि पाण्यात तरंगते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पंजाबच्या पुरात ती बचावकार्याला उतरवली होती. पाण्यात तिचा वेग ताशी सहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला पावणेदोन मीटरही नाही. नदी त्याहून वेगाने वाहत असेल, तर ही गाडीसुद्धा धारेविरुद्ध पुढे जाऊ शकत नाही. तिचे काम शेतात, वस्तीत साचलेल्या पाण्यात आहे. साध्या एटीव्हीवर बसून पुराची धार कापायला निघालेल्याने एवढे तरी ध्यानात घ्यावे.

पाण्याचा वेग मोजायला यंत्र लागत नाही. काठावर पाच मीटर अंतर पावलांनी मोजायचे, वरच्या टोकाला काडी किंवा पान टाकायचे आणि ते खालच्या टोकाला यायला किती सेकंद लागतात ते पाहायचे. पाच सेकंद लागले तर वेग सेकंदाला एक मीटर. याहून सोपी रीत म्हणजे काठाने चालत जाणे: नेहमीच्या चालीपेक्षा पान पुढे जात असेल, तर त्या पाण्यात गाडी घालू नये. मधल्या धारेत पाणी काठापेक्षा वेगवान असते, म्हणून काडी शक्य तितकी मध्यावर फेकावी.

खडकवासला परिसरात आणखी एक गोष्ट पाहावी लागते: पाणी आत्ता किती आहे यापेक्षा तासाभराने किती असेल, हे. खडकवासला धरण ब्रिटिश अमदानीत, १८७० च्या दशकात मुठा नदीवर उभे राहिले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी शोधलेले आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ मध्ये प्रथम इथेच बसवले गेले. १२ जुलै १९६१ रोजी वरचे पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही गेली आणि पुण्यात पूर आला. आज पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला अशी चार धरणांची साखळी आहे. चारही धरणांची मिळून साठवण २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) थोडी वर, त्यातली खडकवासल्याची जेमतेम दोन टीएमसी. म्हणजे सर्वांत खालचे धरण सर्वांत लहान आहे. वरची तिन्ही भरली आणि घाटमाथ्यावर पाऊस चालूच राहिला, की या लहान भांडाराला पाणी धरून ठेवायला वाव उरत नाही. आलेले पाणी सांडव्यातून मुठेत सोडावेच लागते.

हा विसर्ग क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या वर गेला, म्हणजे दर सेकंदाला दहा लाख लिटरच्या आसपास पाणी. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले आणि लष्कराला बोलवावे लागले. त्या दिवशी डेक्कनजवळ पुलाची वाडी इथे तिघांचा मृत्यू बुडून नव्हे, तर विजेच्या धक्क्याने झाला. शहरात साचलेल्या पाण्यात उतरताना खोलीबरोबर विजेचे खांब, डीपी आणि उघडी गटारेही पाहावी लागतात ती याच कारणाने.

धरणापासून बाबा भिडे पुलापर्यंत नदीने सुमारे पंधरा किलोमीटर अंतर आहे. सेकंदाला दोन मीटर वेगाने पाणी ते दोन तासांत कापते. नांदेड-शिवणे पूल त्याच्याही बराच आधी लागतो. नदीपात्रातला रस्ता किंवा एखादा फरशी पूल सकाळी कोरडा होता, म्हणून दुपारी तो कोरडा असेल असे नाही; मधल्या वेळात शहरात पावसाचा थेंब पडलेला नसला तरीही. धरणाच्या पाण्याचे एक बरे, की ते सांगून येते. विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात, जलसंपदा विभाग आकडा आणि वेळ जाहीर करतो, काठच्या वस्त्यांना सावध केले जाते. पात्रात गाडी नेणाऱ्याने तो आकडा निघण्यापूर्वी पाहिला पाहिजे.

ओढ्याचे पाणी असे सांगत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला झालेल्या पावसाने आंबील ओढ्याला लोंढा आला, भिंती पडल्या, मोटारी एकमेकींवर चढल्या आणि पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. या ओढ्यावर खडकवासल्यासारखे दरवाज्यांचे धरण नाही, म्हणजे विसर्गाचा आकडाही नाही. सिंहगडाच्या आणि पानशेतच्या डोंगरउतारावरचे ओढे याच जातीचे: पाणलोट लहान, उतार तीव्र, त्यामुळे वरच्या बाजूला पडलेला जोराचा पाऊस थोड्याच वेळात खाली पोहोचतो. स्वच्छ पाणी एकदम गढूळ होऊ लागले, त्यात काटक्या, पाला, फेस दिसू लागला, किंवा काठच्या ज्या दगडावर मघाशी उभे होतो तो बुडाला, तर वर लोंढा सुटला आहे असे समजावे. पाणी ओलांडायचे बेत तिथेच सोडून उंचावर जावे.

तळ ही तिसरी बाब. नदीच्या उताराला गोटे असतात. चाक त्यांवर घसरते, पण रुतत नाही. फरशी पुलावर काँक्रीट असते, मात्र पुराने कडेचा भराव किंवा मधली एखादी फरशी गेलेली असू शकते आणि गढूळ पाण्यातून ती दिसत नाही. धरणाच्या फुगवट्याचा तळ सर्वांत फसवा. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गोऱ्हे, खानापूर, सांगरूण या गावांच्या बाजूला गाळाची सपाट जमीन उघडी पडते. वरचा थर वाळून भेगाळतो आणि टणक दिसतो. खाली हात-दीड हात मऊ गाळ असतो. पाण्याच्या कडेला तर वरचा थरही वाळलेला नसतो. एटीव्ही रुंद टायरांमुळे थोडी आत जाते, मग चाक गरगरते आणि गाडी पोटावर बसते. चाक जितके जास्त फिरवावे तितके खोल. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून, उतरून, चाकांखाली फळ्या किंवा फांद्या घालून विंचने किंवा दोराने मागे ओढणे हाच मार्ग असतो. पुढे ओढून उपयोग नसतो, कारण पुढे गाळ आणखी मऊ आहे. शिवाय हे पाणी पुणे शहर पिते. जलाशयात गाडी घालणे किंवा तिथे ती धुणे म्हणजे ग्रीस आणि इंजिनाचे तेल त्यात सोडणे. पाण्यातून गाडी काढायचा सराव करायचा असेल, तर तो राखीव मैदानावर खणलेल्या, खोली ठाऊक असलेल्या खड्ड्यात करावा.

खोली, वेग आणि तळ तिन्ही पसंत पडले, तर प्रत्यक्ष ओलांडण्याचे काम फारसे अवघड नाही. आधी पायी जावे. हातात छातीएवढी काठी, पायात घट्ट बूट, तोंड वरच्या धारेकडे. काठी पुढे टेकवून खोली आणि तळ तपासायचा, मग पाऊल टाकायचे. पाणी गुडघ्याच्या वर जाऊन पाय ढळू लागला, तर गाडी नेण्याचा प्रश्नच मिटतो. जिथे माणसाला उभे राहता येत नाही तिथे तरंगू पाहणारी गाडी राहणार नाही. नदीचा रुंद, तरंग उठलेला भाग बहुधा उथळ असतो. अरुंद आणि संथ, काळसर दिसणारा भाग खोल. वळणाच्या बाहेरच्या काठाखाली पाणी नेहमी जास्त खोल असते. बाहेर पडायची जागा उतरण्याआधीच ठरवावी: काठ सपाट हवा, कारण ओल्या चाकांनी उभा, चिखलाचा काठ चढताना गाडी मागे उलटते.

उतरताना फोर व्हील ड्राइव्ह आणि लो गिअर आधीच लावून घ्यावे. पाण्यात मध्येच काही बदलू नये. गाडी हळू, एकसारख्या वेगाने न्यावी, ताशी पाच-सहा किलोमीटर. या वेगाने पुढे एक छोटी लाट तयार होते आणि तिच्या मागे इंजिनापाशी पाण्याची पातळी किंचित खाली राहते. जोरात शिरले तर तीच लाट एअर फिल्टरवर आदळते. पाणी उडवत जाणारी गाडी छायाचित्रात छान दिसते. इंजिनाच्या दृष्टीने ती सर्वांत वाईट रीत आहे. ॲक्सिलरेटर सोडायचा नाही, थांबायचे नाही. चालकाने सीटवरून थोडे उठून दोन्ही पायांवर भार द्यावा आणि शरीर धार येते त्या, म्हणजे वरच्या बाजूला झुकते ठेवावे, कारण पाणी गाडीला खालच्या बाजूला उलटवू पाहते. मागे दुसरा माणूस बसवू नये. एका वेळी एकच गाडी पाण्यात असावी, बाकीच्यांनी दोर घेऊन काठावर उभे राहावे. एक जण खालच्या बाजूला थोडा दूर, म्हणजे कोणी वाहत आलेच तर दोर फेकता येईल. दोर गाडीला बांधता येतो, माणसाच्या कमरेला कधीही बांधू नये. ताणलेला दोर आणि पाण्याचा रेटा मिळून माणसाला खाली दाबून धरतात. अंगात लाइफ जॅकेट हवे. पोहता येते म्हणून ते नको, असे म्हणणाऱ्यांनी बूट, हेल्मेट आणि जीन्स घालून एकदा पोहून पाहावे.

गाडी पाण्यात हलकी झाल्याचे हँडलवर आधी कळते. पुढची चाके जमीन सोडतात, हँडल फिरवले तरी दिशा बदलत नाही. तेव्हा अजून मागची चाके धरून असतील, तर सरळ मागे घ्यावी. गाडी आडवी सरकू लागली, तर ती सोडून द्यायची वेळ आली आहे. उतरायचे ते वरच्या धारेच्या बाजूला. खालच्या बाजूला उतरलेल्या माणसावर गाडी येते आणि दगडात अडकली तर त्याला तिथेच दाबून ठेवते. पाण्यात पडल्यावर लगेच उभे राहण्याची धडपड करू नये. पाऊल दोन दगडांत अडकले तर धार माणसाला पुढे वाकवून बुडवते. पाठीवर उताणे, पाय पुढे खालच्या दिशेला, आणि हातांनी काठाकडे सरकत राहणे, ही रीत बचाव पथके शिकवतात. कंबरेपेक्षा उथळ, संथ पाणी आले की मगच उभे राहावे.

पलीकडे गेल्यावर लगेच निघू नये. थोडे अंतर ब्रेक हलके दाबत जावे, म्हणजे ते कोरडे होतात. ओल्या ब्रेकने उतारावर गाडी थांबत नाही. पट्टा सरकत असेल तर त्याच्या डब्याखालचा बोल्ट काढून पाणी सोडावे आणि गाडी न्यूट्रलला ठेवून इंजिन थोडे फिरवावे. बहुतेक वेळा तेवढ्याने पट्टा वाळतो. घरी आल्यावर एअर फिल्टरचा डबा उघडून पाहावा, इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सलचे तेल तपासावे. तेल दुधाळ दिसले तर त्याच दिवशी बदलावे, थोडे चालवून पुन्हा पाहावे, आणि गरज पडल्यास पुन्हा बदलावे. ग्रीसच्या सांध्यांमध्ये नवे ग्रीस भरले की आत शिरलेले पाणी बाहेर येते. समुद्रकिनाऱ्यावर चालवलेली गाडी गोड्या पाण्याने धुतली नाही, तर गंज लवकर चढतो.

पाण्यात इंजिन बंद पडले तर सेल्फ मारू नये, किक मारू नये, धक्का मारून चालू करू नये. हे सांगायला सोपे आणि पाळायला कठीण आहे, कारण पाण्यात उभ्या माणसाचा हात आपोआप बटणाकडे जातो. गाडी ओढून काठावर घ्यावी, स्पार्क प्लग काढावा आणि मगच इंजिन फिरवून आतले पाणी बाहेर पडू द्यावे. डिझेल मोटार असेल तर थेट टोचन करून गॅरेजमध्ये न्यावी. एकतानगरीसारख्या वस्त्यांच्या पार्किंगमध्ये पुरात बुडालेल्या स्कूटर आणि मोटारींनाही हाच नियम लागू पडतो. बुडाल्याने इंजिनाचे जेवढे नुकसान होते, त्यापेक्षा पाणी उतरल्यावर घाईने चालू करण्याने अधिक होते. साध्या वाहन विम्यात, इंजिनात पाणी असताना ते चालू करण्याच्या प्रयत्नाने झालेले नुकसान सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचा जोड विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो पावसाळ्यापूर्वीच घेतलेला असावा लागतो.